आंतरराष्ट्रीय अवसादशास्त्रज्ञ संघटना : रचना आणि कारभार

गाळ आणि गाळाच्या खडकांचा अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिकांची जागतिक संघटना. ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ सेडिमेंटॉलॉजिस्ट्स’ या नावाने ती ओळखली जाते. नदी, समुद्र, वारा व हिमनदी यांनी आणून टाकलेला गाळ कसा साचतो, त्याचा खडक कसा होतो आणि त्या खडकातून जुन्या काळचे हवामान, समुद्रपातळी व भूगोल कसा वाचायचा, हा अवसादविज्ञानाचा विषय. या विषयातील संशोधनाला चालना देणे आणि देशादेशांतील अभ्यासकांमध्ये विचारांची देवाणघेवाण घडवून आणणे, हे संघटनेचे उद्दिष्ट आहे. आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक महासंघाशी ती संलग्न आहे. तिचे सदस्यत्व मात्र व्यक्तींना मिळते. देशांची सरकारे किंवा अकादमी तिच्या सदस्य नाहीत. तिच्या कारभारातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा यातून होतो.

स्थापना. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, 1946 मध्ये, बेल्जियममध्ये अवसादशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 1951 साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन आणि वाखेनिंगेन येथे झालेली परिषद तिसरी मानली जाते. म्हणजे परिषद आधी सुरू झाली आणि संघटना नंतर जन्माला आली. 1952 मध्ये अल्जियर्स येथे एकोणिसावी आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषद भरली असताना संघटनेची रीतसर स्थापना झाली. पुढे कारभाराचे सारे वेळापत्रक अवसादशास्त्रज्ञांच्या परिषदेभोवतीच बांधले गेले. चार वर्षांनी परिषद, चार वर्षांनी नवे पदाधिकारी, चार वर्षांनी सर्वसाधारण सभा, असा हा क्रम आहे. सुरुवातीच्या दशकांत मधले अंतर कधी तीन, कधी पाच वर्षांचेही होते. 1978 नंतर चार वर्षांची शिस्त बसली.

सर्वसाधारण सभा. संघटनेचा अंतिम अधिकार सदस्यांच्या सर्वसाधारण सभेकडे असतो. ही सभा आंतरराष्ट्रीय अवसादविज्ञान परिषदेच्या वेळी भरते. मावळते मंडळ तिथे आपल्या कामाचा आणि पैशांचा हिशेब देते व नवे मंडळ सूत्रे हाती घेते. या रचनेत एक अडचण आहे. परिषद ज्या खंडात भरते, तिथले सदस्य मोठ्या संख्येने येतात आणि दूरचे येऊ शकत नाहीत. विमानभाडे, नोंदणी शुल्क आणि व्हिसा यांमुळे आशिया-आफ्रिकेतील तरुण संशोधकाला सभेपर्यंत पोहोचणे आजही कठीण जाते. म्हणून परिषदेची जागा कोणती, हा प्रश्न वरवर आयोजनाचा दिसला तरी प्रत्यक्षात कोणाचा आवाज सभेत ऐकू येणार, हे त्यावर ठरते. गेल्या काही दशकांतली ठिकाणे पाहिली तर ती फिरती ठेवण्याचा प्रयत्न स्पष्ट दिसतो: रेसिफे (1994), आलिकान्ते (1998), जोहान्सबर्ग (2002), फुकुओका (2006), मेंडोसा (2010), जिनिव्हा (2014), क्वेबेक (2018), बीजिंग (2022).

पदाधिकारी आणि कार्यकारी मंडळ. अध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, सरचिटणीस आणि कोषाध्यक्ष हे मुख्य पदाधिकारी. त्यांच्या जोडीला मंडळावर निरनिराळ्या देशांतून निवडलेले सदस्य असतात, तसेच संघटनेच्या नियतकालिकांचे व ग्रंथमालेचे संपादक आणि नवोदित संशोधकांचे प्रतिनिधी यांनाही मंडळाच्या कामात स्थान असते. मंडळाची बैठक सहसा त्या वर्षीच्या संमेलनाच्या जागीच होते, त्यामुळे प्रवासाचा वेगळा खर्च वाचतो.

ही सर्व मंडळी विद्यापीठांत किंवा संशोधन संस्थांत नोकरी करणारी शास्त्रज्ञ असतात आणि संघटनेचे काम मानद म्हणून करतात. अध्यक्ष संघटनेचा चेहरा असतो. रोजचे काम सरचिटणीस आणि कोषाध्यक्ष या दोघांच्या खांद्यावर असते. पत्रव्यवहार, बैठकांची विषयपत्रिका, परिषदेच्या यजमानांशी बोलणी, निवडणुकीची तयारी हे सरचिटणिसाकडे. वर्गणी, प्रकाशकाकडून येणारे उत्पन्न, अनुदानांचे वाटप आणि ताळेबंद हे कोषाध्यक्षाकडे. अध्यक्ष बदलला तरी संघटनेची घडी विस्कटत नाही. या दोन पदांवर कसलेला माणूस नसेल तर मात्र ती विस्कटू शकते. स्वयंसेवी विद्वत्संस्थांचा अनुभव सगळीकडे असाच आहे.

अमेरिकेतील ‘एसईपीएम’ (मूळ नाव ‘सोसायटी ऑफ इकॉनॉमिक पॅलिऑन्टॉलॉजिस्ट्स अँड मिनरॅलॉजिस्ट्स’) ही समांतर संस्था याहून वेगळी घडली. तेलक्षेत्रात काम करणाऱ्या जीवाश्मतज्ज्ञांनी आणि खनिजतज्ज्ञांनी 1926 मध्ये ती सुरू केली आणि तिचे मुख्यालय दीर्घकाळ ओक्लाहोमातील टल्सा या तेलनगरीत होते. आंतरराष्ट्रीय संघटनेची मुळे युरोपातल्या विद्यापीठांत आहेत. नदीपात्रे, वाळवंटे, प्रवाळखडक, सरोवरे आणि प्राचीन हवामान यांवरच्या संशोधनाला तिच्या नियतकालिकांत तेलाइतकेच, किंबहुना अधिक स्थान मिळाले, ते यामुळेही असावे.

राष्ट्रीय प्रतिनिधी. अनेक देशांत संघटनेचा एकेक राष्ट्रीय प्रतिनिधी नेमलेला असतो. आपल्या देशातील सदस्यांना माहिती पोहोचवणे, नवे सदस्य जोडणे आणि तिथल्या घडामोडी मंडळाला कळवणे हे त्याचे काम. हे पद कागदावर लहान आहे. पण जिथे संघटनेचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, तिथे एखाद्या विद्यार्थ्यापर्यंत अनुदानाची बातमी पोहोचते की नाही, हे बरेचदा याच एका माणसाच्या उत्साहावर अवलंबून असते.

प्रकाशने आणि पैसा. ‘सेडिमेंटॉलॉजी’ हे संघटनेचे मुख्य नियतकालिक 1962 पासून निघते. 1974 पासून विशेष प्रकाशनांची ग्रंथमाला सुरू झाली. द्रोणींच्या, म्हणजे गाळ साचणाऱ्या खोलगट प्रदेशांच्या, अभ्यासाला वाहिलेले ‘बेसिन रिसर्च’ युरोपातील एका सहयोगी संस्थेबरोबर चालवले जाते, आणि 2015 मध्ये ‘द डिपॉझिशनल रेकॉर्ड’ हे सर्वांना विनामूल्य वाचता येणारे नियतकालिक सुरू झाले. छपाई आणि वितरण व्यावसायिक प्रकाशकाकडे, लेखांची निवड संघटनेने नेमलेल्या संपादकांकडे, अशी ही विभागणी आहे.

सदस्यत्वाची वर्गणी मुद्दाम कमी ठेवलेली आहे, विद्यार्थ्यांसाठी तर आणखी कमी. केवळ वर्गणीवर एवढा व्याप चालणे शक्यच नाही. ग्रंथालये नियतकालिकांसाठी जे पैसे मोजतात, त्यातला संघटनेचा वाटा हा खरा आधार. आता मुक्त प्रवेशाचा, म्हणजे लेख सर्वांना विनामूल्य वाचू देण्याचा, रेटा वाढत असताना वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घेण्याची पद्धत रूढ होत आहे. ज्यांच्या विद्यापीठांकडे असे शुल्क भरायला निधी नाही, त्यांचे काय करायचे, हा पुढच्या मंडळांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

या पैशाचा विनियोग कसा होतो, ते पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या अनुदानात नीट दिसते. वर्षातून दोनदा अर्ज मागवले जातात आणि प्रत्येक फेरीत साधारण 1,000 युरोपर्यंतची काही अनुदाने दिली जातात. अर्जदार सदस्य असावा लागतो. संशोधनाचा थोडक्यात आराखडा, खर्चाचा तपशील आणि मार्गदर्शकाचे शिफारसपत्र जोडावे लागते. रक्कम मोठी नाही, पण क्षेत्रकार्यासाठी जीपभाडे, खडकांच्या पातळ चकत्या करून घेण्याचा खर्च किंवा परक्या प्रयोगशाळेतील समस्थानिक-विश्लेषण यांपैकी काहीतरी तेवढ्यात नक्की भागते. प्रबंधातील एखादे प्रकरण अडून राहते ते अशाच रकमेपायी. याशिवाय पीएच.डी.नंतरच्या संशोधकांसाठी अनुदाने, साधनसामग्री अपुरी असलेल्या देशांतील विद्यापीठ विभागांना मदत, व्याख्यानदौरे आणि उन्हाळी शाळा असे उपक्रम चालतात.

संमेलने आणि सन्मान. दोन परिषदांच्या मधल्या वर्षांत संमेलने भरतात. पहिले प्रादेशिक युरोपीय संमेलन 1980 मध्ये जर्मनीतील बोखुम येथे झाले. 2019 चे रोममधील संमेलन चौतिसावे होते. त्यानंतरचे प्राग येथील संमेलन कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलावे लागले आणि 2021 मध्ये ते ऑनलाइन झाले. संघटनेचा सर्वोच्च सन्मान म्हणजे सॉर्बी पदक. शेफिल्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी (1826–1908) यांनी खडकाची पातळ चकती करून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत भूविज्ञानात रुजवली. पदक त्यांच्या नावाचे आहे. तेही परिषदेतच दिले जाते.

भारताचा संबंध. भारतात ‘इंडियन असोसिएशन ऑफ सेडिमेंटॉलॉजिस्ट्स’ ही स्वतंत्र संस्था आहे. नावात साम्य असले तरी तिचा कारभार वेगळा आहे. महाराष्ट्रापुरते पाहिले तर विषयाला खाद्य भरपूर आहे: चंद्रपूर-वणी भागातील कोळसाधारक गोंडवन खडक, विदर्भातील डायनोसॉरच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध लॅमेटा थर, बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये सापडणारे तळ्यांतले गाळ आणि कोकण किनाऱ्यावरचे वाळूचे दगड. महाराष्ट्र म्हणजे काळा पत्थर, ही समजूत या थरांवर अन्याय करणारी आहे. त्यांवर काम करणारा नागपूरचा किंवा पुण्याचा विद्यार्थी वर सांगितलेल्या अनुदानासाठी इतर कोणाहीइतक्याच हक्काने अर्ज करू शकतो. चार वर्षांनी भरणारी परिषद आशियात जेरुसलेम (1978), फुकुओका आणि बीजिंग इथे झाली. या तिन्हींत भारतातील एकही शहर नाही.