बुल रनची लढाई प्रेक्षकांमुळे हरली नाही

अमेरिकी यादवी युद्धाबद्दल एक गोष्ट फिरत असते: २१ जुलै १८६१ रोजी व्हर्जिनियातल्या बुल रन ओढ्याजवळ लोक खाण्याचे डबे घेऊन रणांगणातच बसले आणि त्यांच्या गर्दीमुळे उत्तरेचं (केंद्र सरकारचं) सैन्य उधळलं.

प्रेक्षक आले होते, हे खरं. पण बहुतेक जण सेंटरव्हिलच्या उंचवट्यावर होते. तिथून मुख्य लढाई झाली ती हेन्री टेकडी सुमारे ८ किलोमीटर. नकाशावर मोजून पाहा. तिथून दिसायचा तो मुख्यतः धूर.

आता घटनाक्रम लावा. लढाई मनॅसस रेल्वे जंक्शनसाठी होती, आणि त्याच रेल्वेने शेनान्डोआ खोऱ्यातून दक्षिणेची (फुटून निघालेल्या राज्यांची) कुमक आली. निर्णायक गोष्ट हीच. सकाळी सरशी उत्तरेची होती. दुपारी टेकडीवर त्यांनी तोफा फार पुढे आणल्या. समोरून येणारी दक्षिणेची पलटण निळ्या कपड्यांमुळे आपलीच वाटली आणि तोफा गेल्या. चारच्या सुमारास उत्तरेची उजवी बगल कोसळली. बरेच शिपाई ९० दिवसांच्या भरतीचे, पहाटेपासून चालून थकलेले.

माघारीच्या वाटेवरच्या कब रन ओढ्याच्या पुलावर गोळा पडून गाडी उलटली, वाट तुंबली, प्रेक्षकांच्या बग्ग्याही पळणाऱ्या सैन्यात सापडल्या. पण तोवर लढाई हरून झाली होती.