केल्पचं जंगल कुठून सुरू होतं?

१९८५ च्या मे महिन्यात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन वसंतात झपाट्याने घटत असल्याचं जाहीर केलं. दोनच वर्षांत ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांना आवर घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. ओझोन विरळ झाला की अतिनील-बी किरण, म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, जमिनीवर जास्त पोचतात, आणि समुद्राच्या वरच्या काही मीटर पाण्यातही. समुद्रात आधी चर्चा झाली ती वनस्पती-प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची. खडकांना धरून वाढणाऱ्या केल्पसारख्या मोठ्या शैवालांकडे लक्ष जायला त्यामानाने वेळ लागला.

या किरणांचा केल्पवर काय परिणाम होतो हे कोडं उकलायला उपयोगी पडेल अशी माहिती मात्र फार जुनी होती. केल्प म्हणजे थंड समुद्रातली पट्ट्यासारख्या लांब पानांची तपकिरी शैवालं. ती बीजाणूंतून (बीजासारख्या एकपेशीय कणांतून) थेट उगवत नाहीत, मध्ये नर-मादीची एक सूक्ष्म पिढी असते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ कामिय सोव्हाजो यांनी १९१५ मध्येच दाखवलं होतं. डोळ्यांना दिसतं ते केल्पचं अर्धंच आयुष्य. उरलेलं अर्धं खडकावर सूक्ष्म रूपात जातं आणि त्याची सुरुवात होते काही मायक्रोमीटरच्या पोहणाऱ्या बीजाणूपासून. त्याला पेशीभित्तिका नसते आणि पेशी इतकी लहान, की किरण गाळणारी द्रव्यं साठवायला फारशी जागाच नाही. जाड पानाच्या प्रौढ केल्पला जे सहज सोसतं, ते या कोवळ्या जिवाला सोसत नाही.

हे प्रत्यक्ष तपासलं गेलं ते नॉर्वेच्या स्वालबार्ड या ध्रुवीय द्वीपसमूहातल्या कोंग्सफिओर्ड या खाडीत, सुमारे ७९ अंश उत्तरेला. काठावरचं नी-ओलेसुंड हे एकेकाळचं कोळसाखाणीचं गाव आता संशोधकांचं आहे. (भारताचं 'हिमाद्री' केंद्रही २००८ पासून तिथेच आहे.) जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतले क्रिस्तियान वीन्के आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या केल्पचे बीजाणू अतिनील किरणांखाली ठेवून पाहिले, आधी प्रयोगशाळेत आणि पुढे ठरावीक किरण अडवणाऱ्या गाळण्या लावून थेट समुद्रात, वेगवेगळ्या खोलीवर. मग किती रुजले ते मोजलं.

रुजण्याचं प्रमाण घटलं, पण सगळ्यांचं सारखं नाही. उथळ पाण्यातल्या 'सॅकोरायझा डर्माटोडिया'चे बीजाणू जास्त टिकले. खोलवरच्या जातींचे लवकर हरले. केल्पच्या जंगलाची वरची कड, म्हणजे किती उथळ पाण्यापासून ते सुरू होतं, हे बऱ्याच अंशी बीजाणूंची सोसण्याची ताकद ठरवते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. मला या सगळ्या संशोधनात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

इजा होते कशी? अतिनील-बी किरणांमुळे डीएनएतले शेजारशेजारचे घटक एकमेकांना चिकटतात आणि पेशीविभाजन अडतं. प्रकाशसंश्लेषणही मंदावतं. ही चिकटलेली गाठ सोडवणारं फोटोलायेज नावाचं विकर (एन्झाइम) निळ्या आणि अतिनील-ए, म्हणजे अतिनील-बीपेक्षा लांब तरंगलांबीच्या, प्रकाशावरच चालतं. म्हणजे सूर्यच जखम करतो आणि मलमही त्याच्याच उजेडात लागतं. शिवाय तपकिरी शैवालांत फ्लोरोटॅनिन ही किरण शोषणारी संयुगं असतात.

मॉन्ट्रियल कराराचा परिणाम दिसू लागला असला, तरी उत्तर ध्रुवावर २०११ आणि २०२० च्या वसंतात ओझोन फार खाली गेला होता. त्याच काळात कोंग्सफिओर्डचं हिवाळी बर्फही कमी होत गेलं आहे. हिमनद्या वितळून येणारं गढूळ पाणी अतिनील किरण अडवतं खरं, पण केल्पला वाढायला लागणारा उजेडही अडवतं.