पार्श्वभूमी: सायन्सचे गेम आणि 'नियम सांगायचा की नाही' हा वाद

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा प्रयोगाचा नियम. सायन्सच्या गेममधनं हे मुलांच्या डोक्यात कसं उतरवायचं, नियम सरळ सांगायचा की त्यांचा त्यांना शोधू द्यायचा, यावर अजून एकमत नाही. लंबकाचा झोका कशाने बदलतो हे मुलांनी शोधायचे जुने प्रयोग आहेत, ते सोडतो. १९८२ ला ॲपल टू कॉम्प्युटरवर लॉजिक गेट (सर्किटमधले हो-नाही ठरवणारे तुकडे) जोडायचा गेम आला, भारी होता, पण त्यात जोडाजोडी होती, प्रयोग नव्हता.

खरी ठिणगी पडली २००४ ला. अमेरिकेत तिसरी-चौथीच्या ११२ मुलांवर अभ्यास झाला, त्यात दोन उतार होते, चढ कमीजास्त करा, पृष्ठभाग गुळगुळीत ठेवा नाहीतर खरखरीत, बॉल बदला. पोरं काय करतात, एकीकडे उभा गुळगुळीत उतार नि गोल्फचा बॉल, दुसरीकडे तिन्ही उलट, आणि वर म्हणणार बघा, उतारानेच फरक पडला! ज्यांना नियम सरळ समजावला त्यातल्या ७७ टक्के मुलांना जमलं, 'तुमचं तुम्ही शोधा' म्हणून सोडलेल्यांत फक्त २३ टक्के. झालं, हा आकडा तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या तोंडी आहे. पण २००७ ला दुसऱ्या गटाने चौथीच्या मुलांना दहाएक आठवडे भूकंपाचा अंदाज बांधायच्या सॉफ्टवेअरवर बसवलं, तर नुसता नियम ऐकलेल्यांचं हळूहळू विरलं आणि सराव करणाऱ्यांचं टिकलं. म्हणजे एकाने लगेच मोजलं, दुसऱ्याने थांबून मोजलं, आणि भांडण मात्र पद्धतीवरून.

माझ्या मते या गदारोळात १९९१ चा एक अभ्यास उगाच मागे पडला. त्यात दिसलं होतं की 'सगळ्यात चांगला रिझल्ट आणा' असं काम दिलं की मुलं इंजिनिअरसारखी वागतात, जे चालतंय तेच पुढे रेटतात, आणि 'कशाने काय होतं ते शोधा' म्हटलं की जास्त नीट तपासतात. आता गेम म्हटला की पॉइंट आले, लेव्हल आली, म्हणजे पहिलंच काम आलं. नियम सांगा नाहीतर लपवा, जिंकायचं कसं हे चुकलं तर दोन्ही वाया.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत गाडी लॉगवर, म्हणजे मुलाने गेममध्ये काय काय केलं त्याच्या नोंदीवर आली. २०१३ च्या अमेरिकन शालेय विज्ञान मानकांत प्रयोग आखणं ही मुलांनी करायच्या आठ प्रॅक्टिसेसपैकी एक म्हणून आली, तेव्हापासून मुलाने कुठला स्लायडर कधी हलवला यावरून मार्क देणारी सॉफ्टवेअर्स जोरात आहेत. पण नुसतं 'एकच स्लायडर हलवला का' एवढंच बघितलं, तर दोन गोष्टींचा एकमेकींवर परिणाम होतो का हे बघायला ज्या पोराने दोन्ही मुद्दाम एकत्र बदलल्या त्याचेही मार्क जातात.