हल्लेखोर निर्दोष असेल तेव्हा

भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ९८ खाली एक छोटं उदाहरण होतं. वेडाच्या भरात 'य' हा 'क'ला ठार मारू पाहतो. 'य' कोणत्याही गुन्ह्याचा दोषी नाही. तरी तो शहाणा असता तर 'क'ला बचावाचा जो हक्क असता, तोच आताही आहे. १ जुलै २०२४ला तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ३६ मध्ये आहे. हल्लेखोराचा दोष आणि बचाव करणाऱ्याचा हक्क कायद्याने इथे वेगवेगळे केले.

अशा हल्लेखोराला मारावं का, हा प्रश्न याहून फार जुना. आततायी, म्हणजे घातक हल्लेखोर, अंगावर आला तर तो गुरू, बालक, वृद्ध किंवा बहुश्रुत ब्राह्मण असला तरी बेधडक मारावा, असं मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. त्या यादीतलं 'बालक' वाचून मी दर वेळी थबकतो. इ. स. ११००च्या सुमारास विज्ञानेश्वराने मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या आपल्या टीकेत, या वचनाची धार बोथट केली. जीव वाचवण्यासाठी, मारण्याचा हेतू न धरता ब्राह्मणादी आततायींना अडवताना चुकून कुणी मेला, तर राजदंड नाही. प्रायश्चित्त मात्र आहे, हलकं का होईना. हे प्रायश्चित्त मला फार मोलाचं वाटतं. शिक्षा नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं विज्ञानेश्वर मानत नाही.

दंड संहितेत प्रायश्चित्ताला जागा नाही, मर्यादेला आहे. कलम ९९ नुसार (आता न्याय संहितेचं कलम ३७) बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. कलम १०६ (आता ४४) मात्र अंगावर काटा आणतं: जिवावर उठलेल्या जमावात लहान मुलं असली आणि गोळी झाडल्याशिवाय सुटका नसली, तर मुलांना इजा होऊनही तो गुन्हा ठरत नाही.

तत्त्वज्ञांत हा वाद पेटला तो रॉबर्ट नोझिक यांच्या १९७४च्या एका उदाहरणामुळे. तुम्ही विहिरीच्या तळाशी आहात आणि कुणीतरी ढकललेला माणूस तुमच्यावर कोसळतोय; त्याला वाटेतच नष्ट करावं का? ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९९१मध्ये 'हो' म्हटलं: तुमचा जगण्याचा हक्क मोडला जातोय, समोरच्याचा दोष असो वा नसो. मायकेल ओत्सुका यांनी १९९४मध्ये विरोध केला. पडणाऱ्याने काहीच केलेलं नाही. मग जीव वाचवायला त्याला मारणं हे बाजूला उभ्या असलेल्या त्रयस्थाला मारण्यापेक्षा वेगळं कसं?