ड्रमच्या भिंतीमागची गिटार

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा 'बिहाइंड द सन' हा अल्बम १९८५ साली आला. आज तो लावला की गिटारच्या बरोबरीने ड्रम अंगावर येतात आणि काळ कोणता, हे वेगळं सांगावं लागत नाही. अल्बम सरसकट वाईट नाही, पण एकजीवही नाही.

त्या ड्रमची गोष्ट १९७९ची. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गेब्रियलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. ड्रमवर फिल कॉलिन्स, ध्वनिमुद्रणाला ह्यू पॅजम. वादक काय बोलतात ते काचेपलीकडे ऐकू यावं म्हणून खोलीत एक माइक टांगलेला असे. साधं बोलणंही स्पष्ट यायला हवं, म्हणून त्याच्यावर जबर कॉम्प्रेशन, म्हणजे हळू आवाज वर उचलून आणि मोठा दाबून दोन्ही एका पातळीला आणणं. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक चालू राहिला आणि ड्रमचा प्रचंड, फुगलेला आवाज स्पीकरमधून आला. पॅजमनं त्याला नॉइज गेट जोडलं, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं यंत्र. एरवी खोलीतला घुमारा हळूहळू विरतो. इथे तो क्षणभर भरून राहतो आणि दार आपटल्यासारखा तुटतो. गेब्रियलला सिंबल, म्हणजे ड्रमसोबतच्या पितळी थाळ्या, नकोच होते, ते पथ्यावर पडलं. सिंबलची लांबणारी झणझण या सगळ्यात घुसलीच असती.

कॉलिन्सच्या १९८१च्या 'इन द एअर टुनाइट' या गाण्यामुळे हा आवाज घरोघरी पोचला. पुढे घुमारा तयार करणाऱ्या डिजिटल रिव्हर्बच्या यंत्रांत तो एका बटणावर मिळू लागला. १९८३मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर कीबोर्ड आला, तेव्हा वर चकचकीत सिंथही चढला. दगडी भिंतींच्या खोलीत योगायोगानं सापडलेली गोष्ट अशी रेडिमेड झाली.

क्लॅप्टन आणि कॉलिन्स हे दोस्त. त्यामुळे १९८४मध्ये कॉलिन्स 'बिहाइंड द सन'चा निर्माता म्हणून आला, यात नवल नव्हतं. मुद्रण बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनच्या कॅरिबियन बेटावरच्या, माँटसेराटच्या एअर स्टुडिओत झालं. वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीनं मात्र अल्बम परत पाठवला: हिट गाणी कुठे आहेत? मग गीतकार जेरी लिन विल्यम्सची तीन गाणी घेतली गेली आणि त्यांची निर्मिती टेड टेम्पलमन व लेनी वॉरोंकर यांनी केली. 'फॉरेव्हर मॅन' त्यातलंच. त्यावर ड्रम जेफ पोर्कारोचे. म्हणजे एका कव्हरखाली दोन संघ, दोन हेतू. अल्बमचे टाके दिसतात ते इथे. दोष एकट्या कॉलिन्सच्या माथी मारण्याची रीत आहे, ती मला पटत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. क्लॅप्टनची गिटार दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत बोलते. सूर ओढायचा, थरथरवायचा, सोडून द्यायचा आणि थांबायचं. नेमकी तीच जागा गेटचा ड्रम आणि सिंथ भरून टाकतात. 'सेम ओल्ड ब्लूज' आठ मिनिटांहून मोठं आहे. तिथे क्लॅप्टनला ऐसपैस जागा मिळते आणि तो बरोबर आपल्या चालीत येतो. माझ्या मते अल्बममधलं तेच सगळ्यात कमी शिळं झालेलं गाणं.

हिट हवीत, हा कंपनीचा धडा क्लॅप्टननं गिरवला असावा. पुढच्याच वर्षी, १९८६मध्ये, 'ऑगस्ट' आला. निर्माता पुन्हा कॉलिन्स, या खेपेला टॉम डाउड या दुसऱ्या निर्मात्याच्या साथीनं. ड्रमवरही कॉलिन्सच, शिवाय कीबोर्ड आणि ब्रासचा ताफा. त्यात गिटार आहे, पण बऱ्याच गाण्यांत ती शोधावी लागते.