विमानातून फोटो: दर कसा ठरतो, आणि आम्ही पत्त्याऐवजी नकाशा का मागतो

“फोटो काढायला दोन मिनिटं लागतात, मग पैसे तासाचे का?” हे जवळजवळ प्रत्येक नवा ग्राहक विचारतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी हिशेबच मांडतो.

समजा, तुमची जागा धावपट्टीपासून ६० किलोमीटरवर आहे. आमचं सेसना १७२ हे छोटं विमान तिथे साधारण २० मिनिटांत पोहोचतं, परतायला तेवढाच वेळ. इंजिन सुरू करणं, चाचण्या, उड्डाणाची परवानगी यात १० मिनिटं. तुमच्या जागेवरच्या घिरट्या १० मिनिटं. झाला एक तास. या तासात ३० ते ३५ लिटर इंधन जळतं. तेलबदल आणि तपासण्याही इंजिनाच्या तासांवरच ठरतात. ते तास वाटेतले की तुमच्या डोक्यावरचे, हे इंजिन बघत नाही. त्यामुळे आमचा दर उड्डाणाच्या वेळेवर असतो, फोटोंच्या संख्येवर नाही. घिरट्या घालताना दीडदोनशे फोटो सहज निघतात. त्यातले चांगले निवडून, रंग-उजेड नीट करून देतो.

याचा फायदा तुम्हालाही घेता येतो. पहिल्या जागेपासून दहा किलोमीटरवर तुमचीच दुसरी जागा असेल, तर तिच्यासाठी तीन-चार मिनिटांचा प्रवास आणि तिथल्या घिरट्या एवढाच वेळ वाढतो. शेजारच्या दोघातिघांनी मिळून एकच फेरी ठरवली, तर जाण्यायेण्याचा खर्च आम्ही सगळ्यांत वाटून लावतो. असं केलेलं आम्हाला आवडतं.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण आम्हाला फक्त पत्ता पाठवतात. पत्ता जमिनीवर चालणाऱ्या माणसासाठी असतो. हजार फुटांवरून घराचा क्रमांक दिसत नाही, रस्त्याचं नाव दिसत नाही, फाटकावरची पाटीही नाही. दिसतात ती छपरं, आणि ती एकसारखी असतात. फोटोसाठी विमान शक्य तितकं हळू, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या आसपास नेलं, तरी ते सेकंदाला ३६ मीटर सरकतं. “ते निळं छप्पर का, त्याच्या पलीकडचं?” एवढं आम्ही आपसात बोलेपर्यंत दहा सेकंद जातात आणि विमान साडेतीनशे मीटर पुढे गेलेलं असतं. मग पुन्हा वळण, पुन्हा शोध. एकदा एका कारखान्याचे फोटो आम्ही मन लावून काढले, आणि तो शेजारचा निघाला. दोघांची छपरं निळी, दोघांच्या आवारात एकेक उंच टाकी. दुसरी फेरी आम्ही आमच्या खर्चाने केली. पण ग्राहकाच्या हातात फोटो तीन आठवडे उशिरा पडले, याचं आम्हाला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून आमचा नियम एकच: उपग्रह-नकाशावर जागेच्या मधोमध खूण, आणि हद्दीवरून बोटाने ओढलेली रेघ. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. हद्द लागतेच, कारण जागा किती पसरली आहे यावर उंची आणि लेन्स ठरते. नकाशातलं चित्र जुनं असेल आणि मधल्या काळात नवी इमारत उभी राहिली असेल, तर तेही कळवा. हे मिळेपर्यंत आम्ही तारीख ठरवत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण यात वाचतात ती मिनिटं तुमच्याच बिलातली असतात.

सोबत दर्शनी बाजूची दिशा सांगा. पूर्वेकडे तोंड असलेली इमारत सकाळी खुलते, दुपारनंतर तिचा चेहरा सावलीत जातो. जमीन तापली की हवा उसळते, विमान हलतं. त्यामुळे पूर्वेच्या इमारती आम्ही सकाळीच घेतो, मात्र धुकं विरल्यावर. कॅमेऱ्याचं शटर एक हजारांश सेकंदच उघडं ठेवलं तरी तेवढ्यात विमान साडेतीन सेंटिमीटर पुढे जातं. वर हवेचे धक्केही असले, तर बारीक तपशील पुसट होतो. पाऊस पडून गेल्यावरच्या धुतल्या हवेसारखी हवा नाही. म्हणून आम्ही एक तारीख देत नाही, चार-पाच दिवसांची मुदत मागतो. हवेमुळे निघालोच नाही, तर पैसे लागत नाहीत.

“ड्रोन स्वस्त नाही का?” एका घरासाठी किंवा एका छपरासाठी आहे, आणि तसं आम्ही फोनवरच सांगतो. पण बऱ्याच देशांत ड्रोनला १२० मीटर उंचीची कमाल मर्यादा आहे. तुमच्या जागेसोबत नदी, महामार्ग, डोंगर एका चौकटीत हवा असेल, किंवा शेकडो एकर एका सकाळी टिपायचे असतील, तर विमानच लागतं. उलट, दाट वस्तीवर आम्ही किमान उंचीच्या नियमाखाली उतरत नाही. “जरा आणखी खालून घ्या” असं कोणी म्हटलं, तर आम्ही लांब लेन्स लावतो, विमान खाली आणत नाही.

मोजणीसाठी थेट खाली बघणारे, एकमेकांवर चढणारे (म्हणजे एका फोटोतला काही भाग पुढच्या फोटोतही येईल असे) फोटो हवे असतील तर पहिल्याच निरोपात लिहा. त्याची तयारी वेगळी आणि दरही वेगळा.

खूण, हद्द, दर्शनी दिशा आणि फोटो छापायचा असल्यास त्याचा आकार, एवढं एकत्र पाठवलंत की उड्डाणाचा अंदाजे वेळ आणि पूर्ण खर्च आम्ही त्याच दिवशी लेखी कळवतो.