अंदमानला जाताय? विमानाचं तिकीट काढायच्या आधी हे वाचा

सोयाबीनचे पैसे हाती आले की आमच्या वरोऱ्याच्या ऑफिसात अंदमानची चौकशी सुरू होते. आनंदच आहे. पण बरीच मंडळी येतात ती मोबाइल पुढे करूनच. "विमानाचं तिकीट सस्त्यात भेटलं, काढून टाकलं जी. आता बोट आन हॉटेल तेवढं तुमी पाहून घ्या." सगळा घोळ होतो तो इथेच. म्हणून हे पत्रक.

विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं. (तिकिटावर 'श्री विजयपुरम' दिसलं तर घाबरून फोन करू नका, २०२४ पासून शहराचं ते नाव आहे. हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप २०१८ मध्येच झालं.) तुम्हाला ज्या निळ्या पाण्याचे फोटो आवडतात ते बहुतेक हॅवलॉक आणि नीलचे. तिथे जायचं म्हणजे बोट. खासगी बोटीला हॅवलॉकपर्यंत साधारण दीड तास लागतो आणि माणशी एका बाजूचे हजारापासून अडीच हजारांपर्यंत पडतात. सरकारी बोट फार स्वस्त, पण ती हळू चालते आणि गर्दीच्या दिवसांत तिच्यात जागा मिळणं कठीण.

आता चूक काय होते? आल्या आल्या पोर्ट ब्लेअर पाहायचं, मग हॅवलॉक, मग नील, आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचं. कागदावर अगदी चोख बसतं. पण समुद्र खवळला की बंदर खातं बोटी थांबवतं. लहान-मोठी, सरकारी-खासगी, सगळ्या. आपल्याकडे चिमूरची शेवटची एसटी चुकली तर काळीपिवळी मिळते, हॅवलॉकहून मात्र पोर्ट ब्लेअरला रस्ताच नाही. धक्क्यावर बॅगांवर बसलेली माणसं, एका खिडकीला सगळ्यांची झुंबड, आणि आत बसलेला एकटा पोरगा तेच तेच सांगतोय की उद्याच्या बोटी आधीच भरल्यात. रद्द झालेल्या बोटीचे पैसे परत मिळतात हो, पण गेलेल्या विमानाचे कोण देणार? बोटीशी विमान कंपनीचं काही देणंघेणं नाही. त्याच दिवशीचं नवं तिकीट पाच जणांचं काढायचं म्हटलं, तर सहलीचं सगळं गणित कोलमडतं.

म्हणून आमचा एकच हट्ट असतो. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. यावर हमखास ऐकायला मिळतं, "एक मुक्काम वाढवून पैसे काढता का?" नाही. मुक्काम तेवढेच राहतात, फक्त क्रम उलटा करायचा. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक गाठायचं, तिथून नील, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेल, रॉस बेट, बाजार हे सगळं शेवटी ठेवायचं. बोट एक दिवस अडकलीच, तर जेल धावतपळत बघावं लागेल, पण विमान हातचं जाणार नाही. अर्थात सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय परत यायचं नाही म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ. अशांनी पोहोचल्या दिवशी दुपारीच हॉटेलात पाय पसरायच्या ऐवजी जेल गाठावं, म्हणजे ती काळजी मिटली. पण हे सगळं जुळतं केव्हा? तारखा मोकळ्या असतील तेव्हा. तिकीट आधीच काढलेलं असलं की आम्हाला आहे त्या खोक्यात सामान कोंबावं लागतं.

दुसरी तशीच गोष्ट नागपूरची. नागपूरहून विमान बदलूनच जावं लागतं, चेन्नई, कोलकाता किंवा हैदराबादला. नागपूर–चेन्नई एक तिकीट आणि चेन्नई–पोर्ट ब्लेअर दुसरं, असं वेगवेगळं काढलं की कधी हजार-दोन हजार वाचतात. पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसरी कंपनी हात वर करते. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर पुढची सोय लावून देणं कंपनीवर येतं. बल्लारशाहहून रेल्वेने चेन्नई गाठून पुढे विमान, हा मार्गही चांगला आणि खिशाला झेपणारा. फक्त चेन्नईत एक रात्र काढायची तयारी ठेवा. चेन्नईहून पाण्याच्या जहाजानेही जाता येतं, तीन दिवसांच्या आसपास लागतात. ज्यांना एसटीत मळमळतं त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

केव्हा जावं? आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यांना सोयीचा वाटतो. पण आपण मृगाची वाट पाहत असतो तेव्हा अंदमानात पाऊस येऊन बसलेला असतो, तिथे तो मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोहोचतो. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा मोसम असतो. तेव्हाही लोक जातात, आम्हीही पाठवतो, पण मग हातात एक मोकळा दिवस असलाच पाहिजे. डिसेंबर ते एप्रिल सगळ्यात निर्धास्त. त्यातही नाताळचा आठवडा टाळाल तर हॉटेलचे दर पाहून डोळे पांढरे होणार नाहीत.

"गोव्यापेक्षा इतकं महाग कायले?" कारण डिझेलपासून कांद्या-बटाट्यापर्यंत बरंचसं मुख्य भूमीवरून जहाजाने येतं. शिवाय पोर्ट ब्लेअरची टॅक्सी तुमच्याबरोबर बेटावर येत नाही, प्रत्येक बेटावर नवी गाडी धरावी लागते. आमच्या भावात बोटी आणि तिन्ही ठिकाणच्या गाड्या धरलेल्या असतात. मोबाइलवर जो स्वस्त आकडा दिसतो त्यात त्या आहेत का, एवढं मात्र विचारून घ्या. बेटांवर एटीएम मोजकीच, मोबाइलची रेंजही कुठे असते कुठे नसते, तेव्हा रोख रक्कम जवळ असू द्या.

बाराटांग बेटावर जायचं असेल तर पहाटे उठावं लागतं. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ठरल्या वेळी ताफ्यानेच सोडतात आणि वाटेत फोटो काढायला बंदी आहे. निकोबार पर्यटकांसाठी बंद आहे, कृपया आग्रह धरू नये.

अंदमानऐवजी लक्षद्वीप मनात असेल, तर तिथे आपल्या भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो हातात पडेपर्यंत कोचीचं (लक्षद्वीपला तिथूनच जातात) तिकीट काढू नका, आम्हीही काढून देत नाही.

ऑफिसात येताना सगळ्यांची आधार कार्डं आणा, लहान मुलांचीही. आधारवरचं आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. तिकीट आधीच काढलं असेल तरी या, दाखवा, तारीख बदलता येते का ते आम्ही फुकट पाहून देऊ. फक्त जायच्या आदल्या आठवड्यात येऊ नका. रविवारी आठवडी बाजारामुळे ऑफिस दुपारी दोनपर्यंतच उघडं असतं.